रद्द चाकाचा फेरफटका

मी एक जुने मोजणीचे चाक आहे. मित्रांनो, मला रस्त्यात पाहून तुम्हाला वाटेल, कुणा लहान मुलाच्या सायकलचे चाक निखळले आणि त्याला लांब दांडी लावली. हसू नका! माझा घेर बरोबर एक मीटर आहे, केसभर कमी नाही की जास्त नाही. दांडी धरून मला ढकलत चालले, की दर फेरीला टक असा आवाज होतो आणि दांडीवरच्या छोट्या खिडकीतला आकडा एकाने पुढे सरकतो. मोटारींना किलोमीटरखाली बोलताच येत नाही. शिंप्याच्या दारापासून कोपऱ्यावरच्या नळापर्यंत किती अंतर आहे, हे विचारायला माझ्याकडेच यावे लागते.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. रबर चढवल्यावर कारागिराने मला एका पांढऱ्या रेषेवरून दहा वेळा नेले. नऊ वेळा आकडा बरोबर आला. दहाव्या वेळी चुकला, पण तेव्हा त्याचाच पाय रेषेवरून घसरला होता आणि त्याने ते सगळ्यांसमोर कबूल केले. तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच असते, हे मान्य करायला हवे.

पुढे मी पालिकेच्या मोजणी विभागात आले आणि एका बाईंच्या हाती लागले. त्या मला घेऊन शहरभर पायी हिंडायच्या, म्हणून सगळे त्यांना मीटरबाई म्हणत. बावीस वर्षे आम्ही दोघी बरोबर होतो. पावाच्या भट्टीजवळच्या उतारावर मी पुढे पळायचे आणि बाई मला मागे खेचायच्या. जुन्या झाडांच्या मुळांनी फरशा उचलल्या होत्या, तिथे माझे दात वाजायचे. कुठल्या भिंतीवरून बोगनवेल इतकी खाली आली आहे की उंच माणसाला वाकावे लागते, बागेत कुठे बांबूंच्या मधून दुसऱ्या रस्त्याला निघता येते, हे आम्हाला तोंडपाठ होते. बसमधून जाणाऱ्याला शहर नुसते दिसते. आम्हाला त्याचा वाससुद्धा माहीत होता.

मग कार्यालयात एक नवे यंत्र आले. मुठीत मावणारे. भिंतीवर लाल ठिपका टाकायचा, की अंतर हजर! जागेवरून हलायलाही नको. मला कपाटामागे, केरसुणीच्या शेजारी उभे केले. एके दिवशी कारकुनाने माझ्या दांडीवर लाल रंगात ‘रद्द’ असे लिहिले. माझ्यात बिघाड काहीच नव्हता. मला फार वाईट वाटले, आणि त्याहून जास्त राग आला. भंगार न्यायचा दिवस आला तेव्हा मीटरबाईंनी साहेबांकडून लेखी परवानगी घेतली आणि मला घरी आणले.

घरी त्यांचे वडील होते. चौतीस वर्षे पोस्टमन म्हणून त्यांनी हेच शहर पायाखाली घातले होते. आता तीन आठवडे दवाखान्यात काढून ते परतले होते आणि खिडकीजवळची खुर्ची सोडायला तयार नव्हते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, “आत्ता चालायला लागला नाहीत, तर पाय कायमचे आखडतील.” काठी आणली होती, पण ती दाराआड तशीच पडून होती.

“काठी घेऊन या गल्लीत फिरू? ज्या गल्लीत मी धावत पत्रं वाटली?” ते म्हणायचे. “लोक काय म्हणतील, पोस्टमनकाका संपले!”

मीटरबाईंनी मग एक युक्ती केली. मला त्यांच्यासमोर उभे करून त्या म्हणाल्या, “बाबा, ऑफिसचं थोडं मोजायचं राहिलंय. तुम्ही चाक धरा, मी लिहून घेते. एकटीला नाही जमत.”

काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. दांडीपाशी त्यांची नजर जरा थांबली. पण उठले.

पहिल्या दिवशी आम्ही शिंप्याच्या दारापर्यंत गेलो. सेहेचाळीस! काकांच्या कपाळावर घाम आला होता. मित्रांनो, माझ्यावर कुणालाच रेलता येत नाही, कारण भार टाकला की मी पुढे निसटते. त्यामुळे काकांना आपल्याच पायांवर उभे राहावे लागे, आणि हाताला माझा आधार आहे असे मात्र वाटत राही. शिंप्याने विचारले, “काय काका, काय मोजताय?” काकांनी मान ताठ केली. “रस्ता,” ते म्हणाले. “सरकारी काम आहे.”

पंधरा दिवसांत आम्ही तीनशेवर गेलो. काकांचे पाय सुधारत होते, पण बाईंच्या अंगातली मोजणी काही जाईना. काका एखाद्या फाटकाशी थांबले, फुले पाहायला पलीकडे वळले, की त्या मागून ओरडायच्या, “बाबा, सरळ रेषेत चाला! आकडा चुकतोय!” एकदा एका घराच्या पायरीपाशी काका जुन्या ओळखीच्या आजींशी बोलत उभे राहिले. बाईंनी माझी दांडी धरली आणि मला रेषेवर ओढले.

काका भडकले. “रद्द झालेल्या चाकाचा आकडा कुणाला पाहिजे गं?”

बाईंनी दांडी सोडली.

“पोस्टमन होतो मी. पहिल्याच दिवशी वाचलं दांडीवरचं. तू एवढं नाटक करतेयस, म्हणून चालत होतो. पण इथेही तुझी वहीच मोठी असेल, तर तूच फिर तिला घेऊन.”

दुसऱ्या दिवशी काका खुर्चीतून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी कोपऱ्यात उभी राहून पाहत होते. चौथ्या दिवशी पाणी आणायला उठताना त्यांनी टेबलाची कड धरली. बावीस वर्षांत मी कधी चुकले नव्हते, पण त्या आकड्यांपायी एक माणूस घरात बसला होता. त्या दिवशी माझा सगळा तोरा उतरला.

संध्याकाळी बाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. “बाबा, चुकलं माझं. सवय हो, दुसरं काय. उद्या वही घरीच ठेवते. तुम्ही न्याल तिकडे येईन.”

“तळ्यापर्यंत?” काकांनी विचारले. मोठ्या बागेतल्या त्या तळ्याकाठी नोकरीत असताना ते रोज डबा खायचे.

“तळ्यापर्यंत,” बाई म्हणाल्या. पण आवाज जरा घाबराच होता.

सकाळी आम्ही निघालो. सरळ गेले तर बाग सहाशे चाळीस मीटरवर आहे, हे मला पाठ आहे. पण काका सरळ कशाला जातील! ते आजींच्या पायरीशी थांबले. भट्टीवाल्याने त्यांना गरम पाव दिला, तो बाप-लेकींनी अर्धा अर्धा खाल्ला. बोगनवेलीखाली काका मुद्दाम वाकले नाहीत, फुले डोक्यावर घेत गेले. बांबूंच्या मधून आम्ही बागेत शिरलो तेव्हा माझा आकडा हजारापुढे गेला होता. माळ्याने नुकतेच गवत कापले होते आणि ओल्या वासाने बाग भरून गेली होती. समोर तळे होते. काका कितीतरी वेळ नुसते पाहत राहिले. मग त्यांनी मला बाकाला टेकवून ठेवले.

“बाबा, बसा ना जरा.”

“तू बस. मी एक फेरी मारून येतो.”

आणि ते निघाले. मला न घेता, काठी न घेता, हात मागे बांधून, हळूहळू. बाई उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या. तळ्याच्या त्या टोकाला काका झाडाआड गेले, तेव्हा बाईंनी माझी दांडी घट्ट धरली होती. मग काका पलीकडून दिसले. बाई रडत होत्या आणि हसतही होत्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी खिडकीशी बसले असेल. त्यांना हात धरून बाहेर न्या, त्यांच्या चालीने चाला आणि ते थांबतील तिथे थांबा. वाटेत घाई करू नका. मी आयुष्यात लाखो मीटर मोजले आणि त्या प्रत्येकाचा मला अभिमान आहे. पण त्या सकाळी काका तळ्याभोवती किती चालले, ते मला माहीत नाही, आणि सर्वांत जास्त अभिमान मला त्याच फेरीचा आहे.