दाजींच्या फटफटीचा जोर

ताई बोलली ते चारचौघांत बोलली, म्हणून दाजींना माघार घेता येईना.

"अहो, रविवारी लेकीकडे जायचंय. त्या चढावर मला पुन्हा एकदा जरी उतरवलंत, तर ही फटफटी त्या वळणावरच्या हॉटेलवाल्याला देऊन टाकायची. दारात उभी करून तिच्यावर कुंड्या ठेवणार आहे म्हणे तो. निदान फुलं तरी येतील."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फटफटी लग्नाच्याही आधीची. तरुणपणी शर्यतीत पळवायची म्हणून त्यांनी तिच्यात उंच माथ्याचा पिस्टन बसवून घेतला होता. पिस्टन वर येताना आतल्या पेट्रोलला आणि हवेला जितकं दाबेल, तितका जोर जास्त. तेव्हाचं पेट्रोल तो दाब सोसायचं. आता पंपावर मिळतं ते पाणचट. जास्त दाबलं की ठिणगीची वाटही बघत नाही, आधीच पेटतं. सपाटीवर कळत नाही, पण चढ लागला की आतून कोणी हातोडी मारावी तशी खटखट सुरू होते. मग दाजी गाडी थांबवत, ताईला उतरवत, एकटेच पुढच्या वळणापर्यंत जात आणि ताई धापा टाकत मागून चालत येई. लेकीचं घर चढाच्या पार टोकाला. नातू झाल्यापासून हे दर आठवड्याचं झालं होतं.

माझा जन्म लेथवर गेला. मी म्हटलं, "दाजी, आतला दाबच कमी करू. सिलिंडरखाली एक जाड प्लेट घालतो. सिलिंडर तेवढा वर उचलला जाईल, पिस्टनच्या डोक्यावर जागा राहील, पेट्रोल कमी दाबलं जाईल."

"म्हणजे जोर कमी."

"थोडासा."

"मेहुणे, सरळ सांगा ना, वाघाचे दात काढतो म्हणून."

"वाघाला आता मऊ भातच मिळतोय," ताई आतून म्हणाली, "दात काय करायचेत?"

प्लेट किती जाड करायची यावर आमची मंडईत व्हावी तशी घासाघीस झाली. मी म्हणे दोन नाण्यांएवढी, दाजी म्हणत एकच पुरे. शेवटी ते म्हणाले, कागदाएवढी करा, मन राखल्यासारखं होईल. ताईनं येऊन निकाल दिला, "चढ मला चढावा लागतो. दोन."

ॲल्युमिनियमची प्लेट कापली, मधलं भोक कातलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. सिलिंडर चढवला, वर हेडचं झाकण बसवलं, नट आवळले. दाजींनी किक मारली. गाडी सुरू झाली खरी, पण आवाज असा की चमच्यांचा डबा जिन्यावरून गडगडतोय.

मी कपाळाला हात लावला. सिलिंडर उंच केला होता, पण त्याच्या शेजारून वर जाऊन झडपा उघडणाऱ्या दोन सळया होत्या तेवढ्याच राहिल्या. फळी वर सरकवली म्हणून पोराचे हात लांब होत नाहीत, आता फळीवरचा डबा काढ म्हटलं तर कसा काढेल? तशाच सळया अपुऱ्या पडून नुसत्या खडखडत होत्या.

दाजींचा चेहरा मात्र उजळला. "वा! जन्म लेथवर गेला म्हणे! अगं, ऐकलंस का? तुझा भाऊ सळया विसरला!"

"तुम्ही मला दर वळणावर विसरता," ताई म्हणाली. "त्याला करू दे नीट."

सळयांच्या टोकांवर पोलादाच्या दोन छोट्या टोप्या करून बसवल्या, प्लेटच्याच जाडीच्या. आता चमचे गप्प झाले. दाजी गल्लीत एक फेरी मारून आले आणि पायरीवर बसले.

"खटखट नाही," ते म्हणाले. "पण पूर्वी ही यायची तर कुत्री पळायची. आज एक कुत्रं उठलंसुद्धा नाही."

रविवारी मी दूधवाल्याच्या टेम्पोत, नातवाचा पाळणा मांडीवर घेऊन. पुढे हाकेच्या अंतरावर फटफटीवर ती दोघं. चढ लागला. मी कान टवकारले. खटखट नव्हती. एक ठेका धरून इंजिन चढत होतं, फक्त जरा निवांत. इतकं निवांत की एक सायकलवाला उभ्यानं पॅडल मारत त्यांच्या बाजूनं पुढे गेला. वर घंटीही वाजवली.

दाजींची पाठ ताठ झाली.

"अहो, मूठ पिळू नका."

"कुठे पिळतोय?"

"खांदा सांगतो तुमचा. जाऊ दे त्याला. त्याच्या मागे बायको बसलीये का?"

"चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो," दूधवाला माझ्या कानाशी पुटपुटला. त्याचा टेम्पो पहिल्या गिअरमध्येही आचके देत होता.

शेवटच्या वळणावर हॉटेलवाला रस्त्यातच उभा होता. फटफटीचा वेग बघून त्याला आशा वाटली असावी. तो बाजूनं चालू लागला.

"काका, दमली वाटतं गाडी. थांबा जरा. काकू, उतरा, गरम चहा घ्या."

"उतरायचं नाही," ताई म्हणाली. "चहा आण."

तो पळत जाऊन खरंच चहा घेऊन आला. ताईनं ग्लास घेतला आणि एका हातानं दाजींचा खांदा धरून फुंकर मारत मारत प्यायला लागली. ग्लास परत मिळावा म्हणून त्या बिचाऱ्याला बराच चढ चालावा लागला. तेवढ्यात तो एकदाच कान लावून इंजिन ऐकताना दिसला. मग म्हणाला, "काका, ही काही मला मिळत नाही आता," आणि मोकळा ग्लास घेऊन उतरणीला लागला.

भाची फाटकात उभी होती. "आई, ये ना, उतर की!"

"आधी ह्यांना बंद करू दे. नाहीतर म्हणतील, मी उतरवलं नाही, तीच चालू गाडीवरून उतरली."

दाजी बंद करीनात. मान तिरकी करून ऐकत बसले.

"अहो?"

"तुला उतरवायचं नाही, असंच ठरलंय ना?" असं म्हणून त्यांनी गिअर टाकला आणि ताईला घेऊन पुन्हा खालच्या वळणाकडे निघाले. ती ओरडत होती की हसत होती, ते मला पाळण्यामागून कळलं नाही.