विमानांचा पट

धारूरच्या बद्रीनाथ वकिलांनी हैदराबादहून मुलांसाठी विमानांचा खेळ आणला. जाड पुठ्ठ्यावर जगाचा नकाशा, लंडनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत लाल रेघ, पत्र्याची चार विमानं आणि फासा. प्रत्येक मुक्कामाला एक प्रश्न. उत्तर आलं तर विमान पुढे, नाहीतर तिथंच. इंग्रजी मजकुराखाली वकिलांनी मराठीत लिहून दिलं आणि ते आपल्या कामाला लागले.

खेळात खरी रमली ती त्यांची धाकटी बहीण केसरबाई. नवरा प्लेगात गेल्यापासून ती भावाकडे होती. स्वयंपाक आणि भावाची मुलं तिच्याच अंगावर. दुपारी मुलांसोबत पट मांडता मांडता बगदाद, कराची, रंगून तिला तोंडपाठ झाली.

"बसऱ्याला खजूर लई," ती मुलांना सांगायची. "आपल्या डोंगरात सीताफळं, तसा तिथं नदीकाठी खजूर."

हिवाळ्यात शाळा तपासायला आलेले साहेब वकिलांकडे जेवायला थांबले. माजघरातलं हे बोलणं त्यांच्या कानावर पडलं.

"कोण शिकवतं हे?"

"आमची बहीण," वकील छाती फुगवून म्हणाले.

"बीडला मुलींच्या शाळेला बाई पाहिजे. वर्षभर औरंगाबादला शिकवण्याची तालीम, राहण्याची सोय सरकारी. पाठवता?"

"पाठवतो की."

दाराआड उभ्या केसरबाईनं ते ऐकलं. त्याच आठवड्यात तिनं दोन लुगडी धुऊन, घडी करून वेगळी ठेवली. उन्हाळ्यात एकदा तिनं विचारलं, तेव्हा वकील म्हणाले, "सरकारी काम हाय. वेळ लागतो."

दिवाळीनंतर ज्वारी निवडता निवडता वत्सलावहिनी सहज बोलून गेल्या, "बीडच्या शाळेत नगरकडची बाई आली म्हणं. तुमी नको म्हणलात ना."

"मी कवा नको म्हणले?"

वहिनींचा हात सुपातच थांबला. "ह्यांनी तसं कळवलं. मला वाटलं, तुमाला ठाऊक हाय."

संध्याकाळी भाऊ जेवायला बसल्यावर केसरबाईनं विचारलं, "कावून असं केलं, दादा?"

"विधवा बहीण परगावी ठेवली तर लोक काय म्हणतील? आन् पोरांकडं कोण बघणार?"

"मग साहेबापुढं हो कावून म्हणलात?"

"पाहुण्याच्या तोंडावर न्हाई म्हणतात का?" त्यांनी भाकरी मोडली. "कालवण वाढ."

तिनं वाढलं. सकाळी मात्र कुणाला न सांगता ती बीडकडे जाणाऱ्या कापसाच्या गाडीत बसली.

कचेरीत ते साहेब नव्हते, बदलून गेले होते. कारकुनानं तिचं नाव ऐकून घेतलं. "तुमी तर नकार दिला होता, बाई. जागा भरली."

"मला कुणी इचारलंच न्हाई."

"तुमच्या भावानं कळवलं. सख्ख्या भावावर इश्वास ठेवायचा न्हाई तर कुणावर?"

ती कचेरीच्या पायऱ्या उतरली. रात्र धर्मशाळेत काढून ती परत निघाली. दुसरीकडे जायला घर नव्हतं.

वहिनींनी दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "अंबाजोगाईला देवीला गेलत्या म्हणून सांगितलंय समद्यांना. तसंच सांगा."

वकील ओसरीवर पक्षकाराशी बोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. केसरबाई हातपाय धुऊन चुलीपाशी बसली. शेजारच्या चंद्रभागाबाई विस्तव मागायला आल्या.

"दर्शन नीट झालं का, केसरबाई?"

केसरबाईनं चिमट्यानं निखारा उचलून त्यांच्या खापरीत टाकला.

"झालं," ती म्हणाली.