एक कडी कमी

जांभळ्या रिंगचा स्क्रूड्रायव्हर एदमेनं तीन बोटांत धरला, त्याची फिरती टोपी तर्जनीखाली टेकवली आणि हवेतच अर्धा वळसा दिला... जाड. म्हणजे पातं बरोबर असेलही, पण हाताला तो परका वाटत होता, ऐन जेवायच्या वेळी येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा. तिनं तो काउंटरवरच्या स्टँडमध्ये परत खोचला आणि करड्या रिंगचा काढला. जांभळा एक पूर्णांक सहा मिलिमीटर, करडा एक पूर्णांक चार, त्याच्या शेजारचा लाल एक पूर्णांक दोन — मधे दोन-तीन केसांचं अंतर, आणि त्या केसांवर सगळं अडलं होतं. पातं स्क्रूच्या डोक्यापेक्षा रुंद झालं की कडीला ओरखडा, अरुंद झालं की खाच कुरतडली जाते. छत्तीस वर्षं ती नव्या मुलींना हे सांगत आली होती, आणि तेव्हा रंग बघायची गरजच नसे, हात आपोआप हवा तोच उचलायचा, अंधारात मिठाचा डबा सापडतो तसा. आज शहात्तराव्या वर्षी ती मातिलच्या घड्याळांच्या दुकानात पाऊण तास उभी होती. नवरा निवडायला तिला एवढा वेळ लागला नव्हता. — लागायला हवा होता, असं मनाशी म्हणत तिनं करडाही परत ठेवला.

घड्याळ समोर असतं तर प्रश्नच नव्हता. पण घड्याळ नवऱ्याच्या, नूमाच्या मनगटावर होतं, आणि नूमा घरी खिडकीशी बसून, खालून जाणाऱ्या ट्रॉलीबसला आज किती सेकंद उशीर झाला ते एका जुन्या वहीत टिपत होता. त्याला उशीर सहन होत नसे, दुसऱ्याचा तर मुळीच नाही. चाळीस वर्षं त्यानं ला शो-द-फों या स्विस घड्याळांच्या गावातल्या सर्वांत मोठ्या नसल्या तरी सर्वांत चिकित्सक कारखान्यात घड्याळांची चाल लावली — घड्याळ उभं ठेवा, आडवं ठेवा, उताणं, पालथं, दिवसाला दोन सेकंदांच्या वर चुकता कामा नये. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं त्याला एक पोलादी घड्याळ दिलं, पोलादी पट्ट्याचं, आणि पट्टा एदमेनं स्वतः बसवला, त्याच्या मापाचा, आत एक करंगळी जाईल इतका सैल. आता तीन बोटं जात होती.

सैल झाला तर झाला, दुसऱ्या कुणाच्या घरी एवढंच म्हटलं असतं. पण ह्युगनाँ घराण्याची गोष्ट वेगळी. नूमाचे वडील — तेव्हा एदमे नवी सून, हातात सुपाचं भांडं — वाटाण्याचं सूप घेत होते आणि त्यांच्या बोटातली लग्नाची अंगठी निसटून टपकन सुपात पडली. म्हाताऱ्यानं ती चमच्यानं बाहेर काढली, रुमालाला पुसली, टेबलावर ठेवली, आपल्या बोटाकडे जरा वेळ बघितलं. “झालं तर मग,” म्हणाले, आणि उठून जे अंथरुणावर पडले ते पाच आठवड्यांत गेले. आजार असा काही नव्हता... निदान अंगठी पडेपर्यंत कुणाला ठाऊक नव्हता. सूप अर्धंच राहिलं याची चुटपुट सासूबाईंना शेवटपर्यंत होती. आणि नूमा हुबेहूब वडिलांवर गेलाय, नाक तेच, हट्ट तोच. ज्या दिवशी पट्टा मनगटावरून घसरून अंगठ्यावर येईल, त्या दिवशी हा ‘झालं तर मग’ म्हणेल आणि जाऊन आडवा होईल. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणतो, मी काय बंद पडलोय?

म्हणून त्याला कळताच कामा नये. शरद ऋतूपासून तिनं त्याच्या विजारींची बटणं दोनदा आत सरकवली होती, कमरेला मागून अशा चुण्या घेतल्या होत्या की शिंप्यानंसुद्धा शपथ घेऊन सांगितलं असतं की त्या मुळातल्याच, शर्टांच्या गळ्याचं पहिलं बटण सगळ्या शर्टांत एकेक बोट पलीकडे गेलं होतं. त्यावर तो एकदाच काय ते बोलला: “हल्ली तू कपडे चांगले धुतेस. अंगाला बसतात.” ती मनातल्या मनात हसली होती. पुरुषांना काय कळतंय! — आणि आता उरला होता तो पट्टा. एक कडी काढायची, पाच मिनिटांचं काम, त्याची दुपारची डुलकी चाळीस मिनिटांची. फक्त ओरखडा उठता कामा नये, कारण ओरखडा तो भिंग न लावताही बघेल.

काल डुलकीच्या वेळी तिनं त्याच्याच खणातून तो हिरवा मऊ गोळा घेतला, घड्याळजी तेलाचा थेंब टिपायला वापरतात तो, आणि श्वास घेणंसुद्धा विसरून खाली लोंबणाऱ्या त्याच्या मनगटाशी गुडघ्यांवर बसून, पट्ट्याच्या कडेला, स्क्रूवर दाबला. ठसा छान आला. तो पुसू नये म्हणून ठेवायला दुसरं काही न सुचून तिनं तो औषधाच्या गोळ्यांच्या, दर वाराला एक खण असलेल्या डबीत ठेवला, गुरुवारच्या खणात. आता डबी पर्समध्ये होती आणि पर्स उघडायची तिला लाज वाटत होती. छत्तीस वर्षं पट्ट्यांच्या विभागात, त्यातली अकरा मुख्य म्हणून, आणि स्क्रूचा ठसा घेऊन दुकानात... चोर किल्लीचा घेतात तसा!

“अगं बाई, एदमे! कारखाना परत उघडतोय की काय?”

इव्हेट. डायल विभागातली, आणि अजून डायल विभागातल्यासारखीच मान उंच करून चालणारी. स्वयंपाकघरातल्या घड्याळाला बॅटरी न्यायला आली होती. डायलवाल्या पट्टेवाल्यांशी नीट बोलत नसत, त्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली, पण काही सवयी निवृत्त होत नाहीत.

“कपाटाच्या दाराचा स्क्रू ढिला झालाय,” एदमे म्हणाली.

“एवढ्याशानं? कपाट बाहुलीचं आहे का?”

“तुला बॅटरी हवी होती ना?”

“आणि नूमा घरात असताना तू का आलीस? त्याला धरवत नाही वाटतं आता. बारीक झालाय म्हणे फार.”

“कोण म्हणतं?”

“लोकांना डोळे आहेत बाई.”

“तो पहिल्यापासून बारीकच आहे. चाळीस वर्षं बसून काम केलं तरी पसरला नाही, डायल विभागासारखा.”

इव्हेट बॅटरी घेऊन गेली. दाराची घंटा ती गेल्यावरही रागानं वाजत राहिली. एदमेला क्षणभर बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. लोकांना डोळे आहेत. म्हणजे बाजारात दिसतंय, बसमध्ये दिसतंय... आरशात दिसत नसेल?

“मादाम ह्युगनाँ,” मातिल काउंटरच्या पलीकडून म्हणाला. साठीचा माणूस, बापाचं दुकान, बापाचाच राखाडी कोट. “तुम्ही आमच्या इथे स्क्रूड्रायव्हर निवडताय हे बघून मला कसंतरीच होतंय. माझे बाबा म्हणायचे, तुम्ही डोळे मिटून उचलता. स्क्रू बघू तरी.”

तिनं डबी काढली. मातिलनं झाकण उघडलं, आत बघितलं.

“गुरुवार?”

“आज गुरुवारच आहे. त्यात काय बघण्यासारखं आहे?”

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. भिंग डोळ्याला लावून तो ठशावर वाकला, आणि तसाच राहिला.

“डोकं दीडच्या आसपास. करडा घ्या, जांभळा कडीला लागेल.” मग जरा थांबून, “पण मादाम, इथे आधी कुणीतरी येऊन गेलंय.”

“म्हणजे?”

“खाचेची कड उलटलीय. बारीक पातं घालून घसरवलंय. दोनदा... नाही, तीनदा. कोण असेल तो, हात काही...”

“भिंग द्या इकडे.”

खरंच होतं. हिरव्या गोळ्यावर ती खाच उलटी उमटली होती, उभार होऊन, आणि तिच्या कडेला तीन बारीक नख्या. छत्तीस वर्षांत तिनं अशा नख्या हजारो पाहिल्या होत्या, नव्या मुलींच्या, पहिल्या आठवड्यातल्या. कुणाची घसरण कुणीकडे झाली यावरून ती मुलगी डावरी की उजवी तेसुद्धा सांगायची. ही उजव्याची. घाईतली. दार लावून केलेली. आणि लाल रिंगच्या पात्याची! लाल एक पूर्णांक दोन, कारण नूमाच्या खणात लालपेक्षा मोठा नव्हताच, चाल लावणाऱ्याला कशाला लागतोय मोठा — मेल्या, लाल घेतलास? चाळीस वर्षं दोन सेकंद दोन सेकंद करत जगलास आणि दीडच्या डोक्याला लाल लावलास?

पहिल्यांदा आला तो हाच राग, निव्वळ कामातला. ‘पट्टा म्हणजे घड्याळ नव्हे, एदमे, कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा म्हणजे काय कुत्रा?’ हे वाक्य तिनं लग्नाआधी ऐकलं होतं, लग्नात ऐकलं होतं, नाताळात पाहुण्यांदेखत ऐकलं होतं. आणि शेवटी कुत्र्याच्या पट्ट्याला हात लावायची वेळ आली तर घरात सगळ्या खोऱ्यातली सर्वांत चांगली पट्टेवाली असताना... मला विचारलं नाही. शेजारच्या खोलीत होते मी. कांदे चिरत असेन नाहीतर त्याच्याच विजारीला चुण्या घालत असेन...

मग तिला चाप आठवला. पट्ट्याचा चाप मनगटाच्या मधोमध बसायला हवा, आणि नूमाचा हल्ली एका अंगाला गेलेला असे. तिला वाटलं होतं मनगटच वाळलं, म्हणून कलला असेल. मनगटं अशी एका बाजूनं वाळतात का कधी? कडी एकाच बाजूची काढली होती, अडाण्यानं, तोल न बघता. हे तिनं कुठल्याही मुलीच्या कामात दारातून ओळखलं असतं. म्हणजे एक कडी आधीच गेलेली. आणि तरीही आत तीन बोटं जातात.

तिनं काउंटर धरला. काउंटर गार होता.

एका कडीनं नव्हे, दोन कड्यांनी वाळला होता तो.

पण — आणि हा ‘पण’ तिच्या मनात जरा उशिरा पोचला, ट्रॉलीबससारखा — तो आडवा झाला नव्हता. घड्याळ सैल झालेलं त्याला कळलं, तिच्या आधी कळलं, आणि तो ‘झालं तर मग’ म्हणाला नाही. न्हाणीघराची कडी लावून, चष्म्यावर भिंग चढवून, चुकीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन झटापट करत बसला. का? तर एदमेला दिसू नये. एदमेला सुपातली अंगठी आठवते, एदमे घाबरेल. ‘हल्ली तू कपडे चांगले धुतेस.’ ... अरे देवा. चुण्या कळल्यात, हे तो मला सांगत होता की काय? की सांगत नव्हता?

“...कोण असेल तो, हात काही बरा नाही,” मातिल अडलेलं वाक्य पुरं करत होता.

“हात उत्तम आहे,” एदमे म्हणाली, इतक्या मोठ्यानं की मातिल दचकला. “स्क्रूड्रायव्हर चुकीचा होता.”

तिनं करडा घेतला. पातं घासून देऊ का, म्हणून त्यानं विचारलं तेव्हा तिनं त्याच्या हातातला दगड ओढून घेतला आणि स्वतःच घासलं, या अंगाला तीन, त्या अंगाला तीन, उलटलेल्या खाचेत गच्च बसेल असं. सातवा हात मारायला ती गेली नाही. ते हाताला अजून ठाऊक होतं.

एप्रिल संपत आला तरी फुटपाथच्या कडेला बर्फ काळा होऊन पडला होता. बसमध्ये ती वाक्यं जुळवत होती. ‘तू लाल वापरलास.’ नको, भांडण होईल. ‘दोन्ही बाजूंनी काढायची असते.’ हे शिकवल्यासारखं. ‘मला माहीत आहे.’ हे खरं नव्हतं, तिला काय माहीत होतं? काहीच नाही. किती कड्या उरल्यात, हे कुठल्या भिंगातून दिसतं?

“उशीर झाला,” नूमा खिडकीतून न वळता म्हणाला.

“ट्रॉलीबसला?”

“तुला.”

तिनं कांद्याची पात शिजवली, सॉसेज कापलं. तो टेबलाशी येऊन बसला, बाही मनगटाखाली ओढून. सॉसेजची निम्मी चकती त्यानं खाल्ली, उरलेली पातीखाली सरकवली, नीटनेटकी, कुणाला दिसू नये अशी. आणि तिनंही नेहमीप्रमाणे ती न बघितल्यासारखं केलं. करडा स्क्रूड्रायव्हर तिच्या एप्रनच्या खिशात होता. तिचे डोळे मात्र बाहीवर जात होते, परत येत होते, पुन्हा जात होते.

“काय बघतेस?”

“किती वाजले ते.”

या घरात सात घड्याळं होती. त्यांतलं एक तिच्या समोरच्या भिंतीवर, नूमाच्या डोक्यावर, आणि ते आठवड्याला चार सेकंदही चुकत नव्हतं. नूमाला ते माहीत होतं, त्यानंच लावलं होतं. तो ते म्हणणार असं तिला वाटलं. त्याचं नाक तसं वर झालंही होतं.

त्यानं काटा खाली ठेवला. बाही कोपरापर्यंत वर सारली, आणि हात टेबलावरून तिच्याकडे लांबवला, पावाच्या टोपलीच्या बाजूनं, तळवा वर करून. घड्याळ घसरत घसरत अंगठ्याच्या मुळाशी येऊन थांबलं. तिच्या समोर चाप आला होता, कललेला, आणि चापाच्या एका अंगाला चार कड्या, दुसऱ्या अंगाला पाच. डायल खाली, टेबलक्लॉथवर. वेळ दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

खालून ट्रॉलीबस गेली. नूमा खिडकीकडे बघत होता, पण वहीकडे त्याचा दुसरा हात गेला नाही.

आता बोलायला हवं होतं, दोघांपैकी कुणीतरी. तिनं दुकानातला तो राग शोधून बघितला, निदान सुरुवातीला तरी उपयोगी पडला असता. तो जागेवर नव्हता. भीती होती, तिथेच, चांगली ऐसपैस बसलेली. पण गेले सहा महिने ज्या हाताकडे ती, तो झोपलेला असताना, अंधारात, चोरासारखी बघत आली होती, तो भर दुपारी असा समोर उघडा पडल्यावर तिला एकदम काय झालं कळेना — शहात्तराव्या वर्षी, मोहरीच्या बाटलीशेजारी, तिचे कान तापले, आणि त्या हाताकडे सरळ बघायचा तिला संकोच वाटू लागला.