कुडाच्या भिंतीची विलायत

माझ्या नव्या नाटकाचा दुसरा अंक इंग्लंडातल्या एका खेड्यात, चारशे वर्षं जुन्या सराईत घडतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकात विलायत काऊन, असं विचारणाऱ्या शहाण्यांनी आधी आमच्यासोबत एक रात्र जमिनीवर बसून नाटक पाहावं. मग तोंड उघडावं.

पडदा रंगवला नंदिनीनं. तिचा पहिलाच. कंपनीचे मालक वामनराव यांना तो पटला तर पुढचा हंगाम तिचा, नाही तर पुन्हा दुकानांच्या पाट्या रंगवणं.

खेळाच्या दिवशी दुपारी पडदा टांगला आणि वामनराव ओरडले, "हे काय व पोरी? विलायत सांगतली होती मी! हा तं माह्या मामाचा गोठा दिसून राह्यला!"

"तिथल्या जुन्या सराया अशाच असतात, भाऊ. लाकडाचे काळे खांब, मधात काड्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा गिलावा, वरून चुना. छप्पर गवताचं, आपल्या धानाच्या तणसीसारखं."

"छप्पर मधात वाकलं हाय."

"चारशे वर्षांत तुम्ही नाई वाकणार काय?"

"मले महाल पाहिजे, झुंबरवाला! मागच्या सालचा पडदा काढा रे!"

यंदा नाटक गावातल्या बायांच्या मंडळानं ठेवलं होतं. आरडाओरडा ऐकून मंडळाच्या अध्यक्ष ठमाबाई आल्या. नाक लावून पडदा पाहिला.

"गोरे लोक कुडाच्या घरात राह्यत होते?"

"अजून राहतात, बाई," नंदिनी म्हणाली. "पाहुणे पैसे देऊन मुक्काम करतात. जुनं जपायचं म्हणून तिथलं सरकार साधी खिडकी बदलू देत नाई."

"अन् माह्या घराले आपलं सरकार कच्चं लिहिते!" ठमाबाई कडाडल्या. "घरकुलवाला साहेब म्हणे, पाडा अन् फोटो पाठवा. वामनराव, हाच पडदा लागन. महाल तुमच्या घरी लावा."

"त्या साहेबाले पहिल्या रांगेत बसवू!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या बाया खदाखदा हसल्या.

बोलावणाऱ्यांनीच ठरवल्यावर मालकाचं काय चालतं? वामनरावांनी मिशीवर हात फिरवला. "राहू द्या मंग. पण सराईवर कंपनीचं नाव कुठी हाय?"

"नाव नसते, भाऊ. दारावर चित्राची पाटी टांगतात. जुन्या काळी लोकायले वाचता येत नव्हतं."

"कशाचं चित्र?"

"हंस, सिंह, नाई तं एखाद्या राजाचं डोकं."

वामनरावांनी खुर्ची ओढली, पडद्यासमोर बसले, टोपी नीट केली.

"जल्दी कर," ते मान वाकडी करून म्हणाले. "उजवी बाजू चांगली येते माही."