बासष्ट मुलाखती

बासष्ट मुलांच्या मुलाखती मी एका दुपारी उरकल्या आणि त्यासाठी एकाही मुलाशी बोलावं लागलं नाही. आज हे सांगताना लाज वाटते. त्या दिवशी मात्र मी स्वतःवरच खूश होतो.

झालं असं, की शाळांमधल्या करिअर मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय मानकं आली. दहावीच्या प्रत्येक मुलाला एकट्याला बसवायचं, निदान अर्धा तास बोलायचं, आवड विचारायची, सुचवलेला मार्ग लिहायचा आणि खाली त्याची सही घ्यायची. मी, यज्ञेश्वर सर, सातपूरच्या आमच्या शाळेत भूगोल शिकवतो. कुठलंही नवं लचांड आलं की ते माझ्याच गळ्यात पडतं, तसं हेही पडलं. भूगोलाचे दोन धडे बाकी आणि तपासणी तोंडावर! मी हजेरीपट पुढ्यात घेतला आणि वडिलांचा व्यवसाय बघून रकाने भरत सुटलो. शेतकऱ्याच्या मुलाला कृषी पदविका, कामगाराच्या मुलाला आयटीआय. मुली आल्या की नर्सिंग. सलग अकरा मुली नर्सिंगला गेल्या. बाराव्या वेळी मलाच कसंतरी वाटलं, म्हणून तिला बँकेत पाठवली. मग कागद बाकांवरून फिरवले आणि पोरांनी न बघता सह्या ठोकल्या.

एकीनं तेवढा आपला कागद वाचला होता. ते मला कळलं पंधरा दिवसांनी, तपासणीच्या आदल्या दिवशी.

मधल्या सुट्टीत त्या मुलीचे, सायलीचे, वडील आले. संतोषभाऊ जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये लेथ मशिनवर काम करतात. पाळी अर्धी टाकून आले होते.

“सर, पोरगी फॉर्म भरायला नाय म्हणती,” ते म्हणाले. “टूल अँड डायच्या कोर्सचा हाय, मशिनीची हत्यारं नि साचे बनवायच्या. आज पाचला बंद होतोय. दोन वर्षं झाली, दर रविवारी माझ्यासंगं वर्कशॉपला येती. माप घ्यायला माझ्यापेक्षा हुशार हाय. लय नाद होता तिला. आता म्हणती, सरांनी नर्सिंग लिहिलंय, इचार करूनच लिहिलं असंल.”

मी पुढ्यातला डबा झाकला.

“माझी तक्रार नाय सर. नर्सिंगबी चांगलंच हाय. फक्त तिच्यात तुम्हाला काय दिसलं, तेवढं सांगा. मला बापाला दिसलं नाय, म्हणून इचारतो.”

काय दिसलं? हजेरीपटात ती मुलगी आहे, एवढंच दिसलं होतं. त्यांना बसायला सांगून मी मुख्याध्यापिका पल्लवी मॅडमकडे गेलो, खरं काय ते सांगितलं आणि सायलीचा कागद मागितला.

“सर, फाईल बांधून झालीय,” त्या म्हणाल्या. “एक कागद खोटा म्हणून काढलात तर बाकीचे एकसष्ट कोण खरे मानेल? शाळेवर वाईट शेरा बसेल. परवा समजावा तिला.”

“फॉर्म आज बंद होतोय मॅडम.”

“मग नर्सिंगला काय वाईट आहे?”

वाईट काहीच नव्हतं, म्हणून तर मला पळवाटही मिळत होती. पण मला माझे वडील आठवले. आमचं घराणं रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांचं. वडील यात्रेकरूंच्या वंशावळी वहीत लिहीत. यजमान घाईत असो, ‘गुरुजी, तुम्हीच लिहा’ म्हणो, त्याला विचारल्याशिवाय ते अक्षर लिहीत नसत. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवत आणि मगच सही घेत. मी वैतागायचो. ते म्हणत, “शंभर वर्षांनी याचा पणतू येईल आणि आपण लिहिलंय तेच खरं धरेल.” पौरोहित्य सोडून मी मास्तर झालो, तेव्हा वाटलं होतं, हीही कटकट सुटली. इथं पणतूची वाटसुद्धा बघावी लागली नाही.

मी फाईलची दोरी सोडली. मॅडम खुर्चीतून उठल्या, पण मला अडवलं नाही.

सायलीला प्रयोगशाळेत बोलावलं. तिचे वडील दाराशी उभे होते. “सायली, हा कागद खोटा आहे,” मी म्हणालो. “मी तुला काही विचारलंच नव्हतं.”

“माहितीये सर,” ती म्हणाली. “मी होते की वर्गात.”

“मग फॉर्म का नाही भरलास?”

ती खाली बघत राहिली. “मला वाटलं, तुम्हाला न विचारता कळतं.”

त्यापेक्षा तिनं मला खोटारडा म्हटलं असतं तर सोसलं असतं. मला इतकी शरम वाटली, की चष्मा पुसण्याच्या निमित्तानं मी तोंड फिरवलं. मग कोरा कागद घेतला आणि पहिल्यापासून एकेक प्रश्न विचारला. आधी ती ‘हो’, ‘नाही’ एवढंच म्हणत होती. मापाचा विषय निघाला आणि मग थांबेचना. कुठला भाग का फुकट गेला, कुठल्या काकांचा हात कसा स्थिर आहे, सगळं सांगत सुटली. पाऊण तास गेला. शेवटी मी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं.

“मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक मोजता येतं...”

“पन्नासाव्या, सर.”

तिनं माझ्या हातातून पेन घेतलं, आकडा दुरुस्त केला आणि सही केली. साडेचारला बापलेकीनं मोबाईलवर फॉर्म भरला.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनी फाईल उघडली. तिच्यात एकच कागद होता. बाकीचे मीच सकाळी काढून घेतले होते. पल्लवी मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

“विद्यार्थी बासष्ट, मुलाखत एक?” साहेब म्हणाले. “बाकीच्या मुलांना काय करायचंय?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तपासणीला मी दिलेलं ते पहिलं खरं उत्तर होतं.