किसाबुरोची अळंबी

किसाबुरोची महागड्या मात्सुताके अळंबीची डोंगरातली जागा गावात कुणालाच ठाऊक नव्हती. बायको हात्सुए विचारून विचारून थकली आणि ते न कळताच वारली. शेजारचा तोयोजी तर दर शरदात चोरपावलांनी मागे यायचा. किसाबुरो त्याला ओढ्याकाठच्या चिखलातून फिरवून दमवायचा.

मग अणुभट्टी फुटली आणि गाव रिकामं झालं. बऱ्याच वर्षांनी राहायला परवानगी मिळाली, तेव्हा किसाबुरो एकटा परतला. तोयोजी कोरियामा शहरात मुलाकडेच राहिला. घरांभोवतीची किरणोत्सर्गी माती खरवडून नेली होती, पण डोंगर कोण खरवडणार? तिथली अळंबी आता खायची नाही, विकायची नाही.

यंदा तोयोजी पूर्वजांची थडगी धुवायला आला तो काठी टेकत. मुलगा गाडीत थांबला होता. किसाबुरो त्या काठीकडे बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "चल, जागा दाखवतो."

"ताप आलाय का तुला?"

"येतोस की नाही?"

दोघं हळूहळू चढले. किसाबुरो सवयीनं मागे वळून बघायचा. मागे कोण असणार? चोर शेजारीच धापा टाकत होता.

खडकामागे, पाइनच्या झाडांखाली अळंबीच अळंबी! जुन्या फुगून, काळ्या पडून कोसळलेल्या. त्यांच्यातून नवी कोवळी डोकी वर आलेली.

"हलकटा!" तोयोजी ओरडला. "याच खडकावर बसून मी डबा खायचो!"

"माहीत आहे. मी वर झुडपात पालथा पडलेला असायचो. तुझं जेवण काही संपायचं नाही."

दोघं खोकला येईपर्यंत हसले. तोयोजीनं एक कोवळी अळंबी उपटून नाकाशी धरली.

"हात्सुएवहिनींचा अळंबीभात... या वयात एका वाटीनं काय होणार आहे रे?"

"आपल्याला काही नाही. पण घरी नेलीस तर तुझ्या नातीच्या ताटात जाईल."

तोयोजीनं ती किसाबुरोच्या हातात दिली. त्यानं ती पुन्हा पाचोळ्यात ठेवली आणि वर पाइनची सुईसारखी पानं पसरली.

"इकडेच ये राहायला," किसाबुरो म्हणाला. इतक्या वर्षांत हे त्यानं पहिल्यांदाच तोंडातून काढलं.

तोयोजीनं गुडघा चोळला. "दवाखाना कुठाय इथं? आणि जागा दाखवून टाकलीस. आता तुझ्या मागे यायला कारण तरी काय उरलं?"

खालून गाडीचा हॉर्न वाजला.

गाडी गेली. भाताला तांदूळ धुवायचे होते, पण बोटांना अळंबीचा वास होता; पाण्यात घातली की तो गेला असता. किसाबुरो हात मांडीवर ठेवून ओसरीत बसून राहिला. भूक लागली, तरी उठला नाही.