कपाटावरच्या बाटल्या

"तहान लागली की ती खालचा ओठ चोखते. तेवढं बघा हं, बाई. मागता येत नाही तिला." वर्गातल्या एका मुलीची आत्या सकाळी आपल्या भाचीला दारात माझ्या हाती देताना म्हणाली. मी "बघते" म्हटलं. दिलेला शब्द मी नेमासारखा पाळते. आणि या वर्गात तो का द्यावा लागतो, हे आदल्या दिवशीच, नोकरीच्या पहिल्याच दिवशी, पाहिलं होतं.

वर्ग विशेष मुलांचा. त्यावर राज्य मोठ्या बाईंचं. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, तेही त्यांच्याच हाती. त्यांचा अनुभव दांडगा. बाहेरचे शिक्षक त्यांचा वर्ग बघायला येत. मुलं कशी गप्प, कशी कोरडी! कुणाची चड्डी ओली नाही, की कसला वास नाही.

वास येणार कुठून? मुलं आली की मोठ्या बाई त्यांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करून कपाटावर ठेवत. शाळा सुटताना त्या खाली येत, मोरीत ओतल्या जात आणि रिकाम्या घरी जात. घरच्यांना वाटे, पोर पाणी छान पितंय.

"बाई, तिची बाटली तरी..." मी हळूच म्हटलं.

"तुम्ही कालच्या. माझे केस उन्हात पांढरे नाही झाले," भाचीचीही बाटली वर सरकवत त्या म्हणाल्या. "दोन चड्ड्या धुतल्यात की उतरेल तुमची माया."

"पण तहान..."

"कालच म्हणालात ना, सकाळची प्रार्थना होईपर्यंत तुम्ही पाण्याला शिवत नाही? काय बिघडलं तुमचं? यांचाही नेम समजा." आणि त्या स्वतःच्याच विनोदावर हसल्या.

माझा नेम मी घेतलेला. मोडायचा झाला तर तांब्या हाताशी असतो. ते हसू अंगावर पाल पडावी तसं वाटलं.

तेवढ्यात पाहुणे आले. मुलांपुढे कागद, ब्रश, रंग धुवायचे पेले मांडले होते. मोठ्या बाई शिस्तीवर बोलत होत्या. भाची खालचा ओठ चोखत होती. मी उठेपर्यंत तिनं पेला उचलला आणि ब्रश बुडवून काळंजांभळं झालेलं पाणी घटाघटा प्यायली. हनुवटीवरून ओघळ आला, तोही तिनं जिभेनं टिपला.

"अगं बाई!" एक पाहुणी किंचाळली.

"घाबरू नका हो," मोठ्या बाई गोड हसल्या. "यांना चव कुठे कळते? गटारातलंही पितील. हे पुस्तकात नसतं, अनुभवानंच कळतं."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकीनं तर "खरंय" म्हटलं. मला किळस त्या पेल्याची नाही, त्या मानांची आली.

मी भाचीच्या हातातला पेला काढून घेतला, पदरानं तिचं तोंड पुसलं. मग खुर्ची उचलून कपाटापाशी नेली.

"नव्या बाई, काय चाललंय?" मोठ्या बाईंच्या आवाजातला गोडवा गेला होता. "पाहुणे बसलेत. आत्ता खाली बसलात तर मी काही पाहिलं नाही असं समजेन."

भाची माझ्याकडे पाहत होती. ओठ अजून दातांत होता.

मी चपला काढल्या आणि खुर्चीवर चढले.